मुंबईच्या संग्रहालयांत आम्हांला भेटलेला इतिहास

विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी ऐतिहासिक लिहा, असे समितीने सांगितले तेव्हा आमच्या डोळ्यांसमोर प्रथम मलकापूरचे स्टेशन उभे राहिले. दर वर्षी डिसेंबर लागला की मोताळा आणि आसपासच्या खेड्यांतून माणसे तिथे जमतात. कोणी भाकरी-ठेचा बांधून घेतो, कोणी लेकराला पहिल्यांदाच मुंबई दाखवायला निघालेला असतो. रात्रीची गाडी धरायची, सकाळी मुंबईत उतरायचे, चैत्यभूमीच्या रांगेत उभे राहायचे, शिवाजी पार्कवर पुस्तके घ्यायची, समुद्र बघायचा आणि पुन्हा गाडी. आमच्यातल्या कित्येकांची मुंबई वर्षानुवर्षे एवढीच होती. त्या शहरात मोठमोठी वस्तुसंग्रहालये आहेत आणि त्यांत आपलाही इतिहास ठेवलेला आहे, हे ऐकून ठाऊक होते. पण बघायला म्हणून कोणी गेले नव्हते.

२०१८ साली आम्ही अकरा जणांनी ठरवले की सहा डिसेंबरचे अभिवादन झाले की दोन दिवस मुंबईतच राहायचे आणि ही संग्रहालये बघायची. अकरांत एक निवृत्त गुरुजी होते, तीन कॉलेजची पोरे होती, दोन जोडपी होती आणि सत्तरी ओलांडलेल्या एक आजी होत्या. आजींना पुष्कळ समजावले की तिथे नुसते दगड बघायचे आहेत, पाय दुखतील. त्या म्हणाल्या, "आयुष्यभर निंदाखुरपाले वाकलेली बाई मी. मले काय दगडाचं भेव दाखवता?" त्यावर कोणी बोलले नाही.

या इतिहासाची सुरुवात खरे म्हणजे मुंबईत होत नाही, आपल्याच वाटेवर होते. मलकापूर सोडले की बोदवड, मग भुसावळ. मध्यरात्री गाडी भुसावळला थांबली तेव्हा गुरुजींनी सांगितले की इथे मेजर रॉबर्ट गिल याची कबर आहे. गिल हा मद्रासच्या फौजेतला साहेब. अजिंठ्याच्या भिंतींवरची चित्रे उतरवून घेण्यासाठी कंपनी सरकारने त्याला १८४४ साली नेमले. तो आला तो परत गेलाच नाही. वर्षानुवर्षे अजिंठ्याला राहून त्याने मोठमोठ्या कापडांवर तैलरंगात प्रती केल्या. त्या इंग्लंडात पाठवल्या, क्रिस्टल पॅलेस नावाच्या काचेच्या इमारतीत मांडल्या आणि १८६६ साली तिथे लागलेल्या आगीत बहुतेक सगळ्या जळून गेल्या. गिल पुन्हा कामाला लागला. १८७९ साली तो वारला आणि भुसावळला पुरला गेला. अजिंठा आपल्याला केवढा जवळ! बुलडाण्यावरून एका दिवसात जाऊन येता येते. पण भुसावळच्या त्या कबरीचे नाव आमच्यातल्या एका गुरुजींनाच माहीत होते, याचे आम्हांला वाईट वाटले.

सात तारखेला सकाळी आम्ही भायखळ्याला गेलो. राणीच्या बागेच्या आवारातच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. बागेत वाघ-हत्ती बघायला जाणारी माणसे पुष्कळ, या दाराकडे वळणारी थोडी. हे मुंबईतले सर्वांत जुने संग्रहालय. स्थापना १८५७ ची, आजची इमारत लोकांना खुली झाली ती २ मे १८७२ रोजी. पूर्वी नाव व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट म्युझियम होते. १९७५ साली ते बदलून ज्या माणसाने ते उभारण्यासाठी खस्ता खाल्ल्या त्याचे नाव दिले गेले. मधल्या काळात इमारतीची अवस्था वाईट झाली होती. दुरुस्ती करून २००८ साली ती पुन्हा खुली झाली. आत शिरलो तर हिरवा-सोनेरी रंग, नक्षीचे लोखंडी खांब, वर छतापर्यंत कोरीवकाम. बायामाणसे दोन मिनिटे नुसती वरच बघत राहिली.

दाराबाहेर एक दगडी हत्ती आहे. मुंबईजवळच्या घारापुरी बेटावरचा हा हत्ती. पोर्तुगीजांनी त्याच्यावरून बेटाला एलिफंटा हे नाव दिले. १८६४ साली इंग्रजांनी तो विलायतेला न्यायचे ठरवले. उचलताना साखळी तुटली, हत्ती खाली पडून त्याचे तुकडे झाले. फुटला म्हणून विलायत चुकली. ते तुकडे मुंबईत आणले आणि १९१४ साली जोडून हत्ती पुन्हा उभा केला. सांधे अजून दिसतात.

संग्रहालयाच्या आत मातीच्या छोट्या मूर्ती पुष्कळ आहेत. एकोणिसाव्या शतकातले मुंबई इलाख्यातले लोक, त्यांचे पेहराव, नाना तऱ्हेच्या पगड्या, कारागीर आपापल्या कामाला बसलेले. फार बारकाईने केलेले काम आहे. आजी कपाटामागून कपाट बघत गेल्या आणि शेवटी म्हणाल्या, "याच्यात आपल्यावाले कोनते?" गुरुजी चष्मा लावून चिठ्ठ्या वाचू लागले, पोरेही वाकून बघू लागली. आम्हांला काही सापडले नाही. असतीलही, आमच्या नजरेतून सुटले असतील. पण तो प्रश्न दिवसभर आमच्याबरोबर चालत राहिला.

भाऊ दाजी लाड हे गोव्यातल्या मांद्रे गावचे. गरिबीतून आले, ग्रँट मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झालेल्या पहिल्या तुकडीतले ते एक. गरिबांना फुकट औषध देत. दोनदा मुंबईचे शेरीफ झाले. हे पुस्तकांत मिळते. पण आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. अजिंठ्याच्या लेण्यांत जे लेख कोरलेले आहेत ते वाचणाऱ्यांपैकी हा माणूस होता. रोगी तपासून उरलेल्या वेळात तो ब्राह्मी अक्षरे लावत बसे. अजिंठ्याच्या लेखांवरचा त्यांचा निबंध १८६० नंतरच्या दशकात रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेने छापला. आपल्या डोंगरापलीकडच्या लेण्यात कोणी, कशासाठी दान दिले, हे मुंबईत राहणाऱ्या एका डॉक्टरने वाचून दाखवले, असे म्हणायला हरकत नाही.

त्यांनी एक शिष्य तयार केला, पंडित भगवानलाल इंद्रजी. जुनागढचा हा मुलगा. गिरनारच्या पायथ्याशी अशोकाचा शिलालेख आहे, त्याची अक्षरे त्याने लहानपणीच वाचायचा नाद घेतला. इंग्रजी शिक्षण जवळजवळ नाहीच. १८६१ साली तो मुंबईला भाऊ दाजींकडे आला. भाऊ त्याला लेण्यालेण्यांतून पाठवीत, तो कोरीव लेखांच्या नकला करून आणी. भाऊ १८७४ साली वारले. पंडितजींनी काम थांबवले नाही. आणि त्यांनीच १८८२ च्या एप्रिलात सोपारा खणला.

सोपारा म्हणजे आजचे नालासोपारा. लोकल गाडीने विरारकडे जाताना लागते. एके काळी ते शूर्पारक नावाचे मोठे बंदर होते. पाली ग्रंथांत ज्यांची गोष्ट येते ते भिक्खू पुण्ण या सुनापरान्त देशाचे. लोक तिथल्या एका टेकाडाला बुरूड राजाचा कोट म्हणत. बुरूड राजा सूप-टोपल्या विकून राहायचा, अशी दंतकथा. शूर्पारकातले 'शूर्प' म्हणजे सूप, त्यावरून ही गोष्ट निघाली असावी. पंडितजींनी टेकाड खणले तेव्हा ते विटांचा स्तूप निघाला. मधोमध मोठी दगडी पेटी. तिच्यात तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि अगदी आत सोन्याचा. सोन्याच्या करंडकात काय होते? मातीच्या भांड्याच्या तेरा लहान खापऱ्या.  तथागतांच्या भिक्षापात्राचे ते तुकडे असावेत असे पंडितजींनी मानले. तांब्याच्या करंडकाभोवती आठ लहान कांस्यमूर्ती बसवलेल्या होत्या, सात मानुषी बुद्ध आणि आठवा मैत्रेय. या मूर्ती स्तूपापेक्षा पुष्कळ नंतरच्या, म्हणजे पेटी मध्ये एकदा उघडून पुन्हा श्रद्धेने बंद केली गेली होती.

हे सारे मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये, एशियाटिक सोसायटीकडे ठेवलेले आहे. दुपारी आम्ही तिकडे गेलो. १८३३ साली बांधलेली ही इमारत, उंच दगडी पायऱ्या, जाड गोल खांब. आजींना दोघांनी धरून वर नेले. आत ग्रंथालय, पुतळे, जुनी लाकडी कपाटे. सोपाऱ्याच्या वस्तू कुणी येईल त्याने बघाव्या अशा रोज मांडून ठेवलेल्या नसतात, ते आम्हांला तिथे गेल्यावर कळले. आधी पत्र पाठवून विचारायला हवे होते, चूक आमचीच. आम्ही व्हरांड्यात थोडा वेळ बसलो. गुरुजींनी तिथेच सर्वांना वर लिहिलेली हकिकत सांगितली. पायऱ्या उतरताना आजी म्हणाल्या, "खापरंच व्हतं ना आत? खापर तं आपल्याबी घरी हाय. पन हे कोनाचं, त्याले मोल." आम्ही पुढच्या खेपेचे ठरवूनच खाली उतरलो.

एक गोष्ट सांगायची राहिली. पंडित भगवानलाल १८८८ साली वारले. मथुरेला त्यांना सापडलेला सिंहशीर्षाचा प्रसिद्ध दगड, ज्याच्यावर खरोष्ठी लिपीत बुद्धाच्या धातूंविषयीचा लेख आहे, तो त्यांनी मृत्युपत्राने लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला दिला. तो आजही तिथेच आहे. का दिला असेल? त्या काळी इथे ठेवायला, जपायला खात्रीची जागा नव्हती असे त्यांना वाटले असेल का? रागवावे की समजून घ्यावे यावर रात्री मुक्कामाच्या ठिकाणी पोरांचा आणि गुरुजींचा बराच वाद झाला. पोरे म्हणत होती, दिला तो दिला, आता परत आणा. गुरुजींचे म्हणणे, आणून ठेवाल कुठे ते आधी सांगा.

आठ तारखेला सकाळी काळा घोडा. ज्याच्यावरून हे नाव पडले तो घोड्यावरचा राजाचा पुतळा १९६५ सालीच राणीच्या बागेत नेला, आता तिथे बिनस्वाराचा नवा घोडा उभा आहे. समोरच छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. १९०५ साली इंग्लंडचा युवराज आला होता, त्याच्या हातून कोनशिला बसवली, म्हणून प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम. जॉर्ज विटेट या वास्तुविशारदाने आराखडा केला, घुमट विजापूरच्या गोल घुमटावरून घेतला. १९१४ साली इमारत पुरी झाली तोच पहिले महायुद्ध सुरू झाले आणि तिच्यात लष्करी इस्पितळ उघडले. संग्रहालय म्हणून लोकांना ती मिळाली १९२२ च्या जानेवारीत. आजचे नाव १९९८ पासून. तिकिटाच्या खिडकीपाशी आमच्यात थोडी चर्चा झाली, अकरा जणांचा हिशेब करावा लागतो. पण आत गेल्यावर कोणी पैशाचे नाव काढले नाही.

आत चित्रे आहेत, हत्यारे आहेत, टाटांनी दिलेल्या चिनी-जपानी वस्तू आहेत. त्या आम्ही चालता चालता बघितल्या. आम्ही थांबलो ते मीरपूरखासच्या बुद्धांपाशी. मीरपूरखास हे सिंधमधले, आज पाकिस्तानात. तिथे काहू-जो-दडो नावाचा विटांचा स्तूप होता. हेन्री कझिन्स या पुरातत्त्व खात्याच्या अधिकाऱ्याने १९०९-१० मध्ये तो खणला. स्तूपाच्या भिंतीत कोनाडे होते आणि कोनाड्यांत भाजलेल्या मातीचे ध्यानस्थ बुद्ध. सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यात होता, म्हणून ते मुंबईला आले. पुढे देशाची फाळणी झाली. बुद्ध इकडे राहिले, स्तूपाची जागा तिकडे राहिली. त्या स्तूपाच्या विटाही पूर्वी लोकांनी बांधकामासाठी काढून नेल्या होत्या. दीड हजार वर्षांपूर्वीची ती भाजलेली माती, चेहऱ्यावरची शांतता आहे तशी आहे. दगडात कोरणे एक, आणि आपल्या कुंभाराच्या आव्यातल्यासारख्या मातीतून हे काढणे एक. आजींनी पदर सावरून हात जोडले. शेजारी उभ्या असलेल्या एका शाळेच्या सहलीतली पोरे त्यांच्याकडे बघत होती. मग त्यांतल्या दोघीतिघींनीही हात जोडले.

आणि मग अशोकाचा दगड. हाही सोपाऱ्याचाच. अशोकाने चौदा शिलालेखांचा जो संच ठिकठिकाणी कोरवला, त्यातल्या आठव्या लेखाचा एक तुकडा पंडित भगवानलालांना १८८२ साली सोपाऱ्याला मिळाला. नवव्या लेखाचा तुकडा जवळच्या भुईगावला मिळाला तो १९५६ साली. वर्ष ऐकून आमची पोरे एकमेकांकडे बघू लागली. ज्या वर्षी बाबासाहेबांनी नागपूरला दीक्षा दिली, त्याच वर्षी वसईच्या किनाऱ्यावर अशोकाची अक्षरे वर आली. योगायोगच, पण विसरता येत नाही असा.

आठव्या लेखात काय आहे ते गुरुजींनी उभ्या उभ्या सांगितले. पूर्वीचे राजे 'विहारयात्रे'ला जात. इथे विहार म्हणजे आपला विहार नव्हे, मौजमजा, शिकार वगैरे. अशोक म्हणतो की राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर आपण संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेलो, आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाल्या. धम्मयात्रेत काय करायचे, तर श्रमण-ब्राह्मणांना भेटायचे, दान द्यायचे, म्हाताऱ्या माणसांना भेटायचे, त्यांची सोय करायची, आणि खेड्यापाड्यांतल्या लोकांना भेटून त्यांच्याशी धम्माविषयी बोलायचे, त्यांचे प्रश्न ऐकायचे. राजाला यापेक्षा दुसऱ्या कशात एवढा आनंद वाटत नाही, असेही तो सांगतो. नववा लेख तर आपल्या घरोघरचाच. आजारपणात, लग्नात, प्रवासाला निघताना बाया नाना प्रकारचे निरर्थक मंगलविधी करतात, त्यांचे फळ थोडे. खरा मंगलविधी म्हणजे दास आणि नोकर यांच्याशी नीट वागणे, वडीलधाऱ्यांना मान देणे, जीवांना न दुखवणे.

"म्हंजे राजाबी आपल्यावाणी गाठोडं बांधून यात्रेले गेला व्हता," आजी म्हणाल्या, "अन् बायाइले बोलला तो इथंबी बोललाच!" सगळे हसले. पहारेकरीही हसला.

दगडावर शिल्लक अक्षरे फार थोडी आहेत. कॉलेजच्या एका पोराने शिवाजी पार्कवरून ब्राह्मी लिपीचे पुस्तक घेतले होते. त्याने अक्षरे जुळवायला सुरुवात केली. पाऊण तासात त्याला चार-पाच अक्षरे लागली. पाऊण तास आम्ही दहा माणसे त्याच्याभोवती उभी होतो, आणि कोणालाही कंटाळा आला नाही. १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने ही लिपी उलगडली, भाऊ दाजींनी वाचली, पंडितजींनी वाचली. आता मोताळ्याचा पोरगा काचेला नाक लावून वाचत होता.

बाहेर आलो तो समोर एल्फिन्स्टन कॉलेजची इमारत. बाबासाहेब याच कॉलेजात बी.ए. झाले. शेजारीच जहांगीर कलादालन, १९५२ चे. तिथली आजकालची चित्रे आम्हांला फारशी समजली नाहीत, खोटे कशाला सांगू. तिथून चालत फोर्टात आनंदभवन आणि बुद्धभवन बघितले, बाबासाहेबांनी १९४६ साली काढलेले सिद्धार्थ कॉलेज ते हेच. संध्याकाळी दादरला राजगृह. हे घर बाबासाहेबांनी आधी पुस्तकांसाठी आणि मग स्वतःसाठी बांधले, असे म्हटले तरी चालेल. तळमजल्यावर त्यांच्या वस्तू, फोटो, अस्थिकलश. तिथे कोणी बोलले नाही, म्हणून आम्हीही त्याविषयी जास्त लिहीत नाही.

परतीच्या गाडीत पोरांचा वाद पुन्हा निघाला, वस्तू ठेवायच्या कुठे? तेव्हा गुरुजींनी भोनचे नाव काढले. आमच्यातल्या आठ जणांनी ते पहिल्यांदा ऐकले. भोन आपल्याच बुलडाणा जिल्ह्यात, संग्रामपूर तालुक्यात, पूर्णेच्या काठावर. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने डॉ. भास्कर देवतारे यांच्या नेतृत्वाखाली २००० नंतरच्या दशकात तिथे उत्खनन केले. विटांचा स्तूप निघाला. मातीच्या कड्यांच्या विहिरी निघाल्या. शेताला पाणी देण्याच्या कालव्याचा माग निघाला. मौर्य काळापर्यंत मागे जाणारे गाव. म्हणजे सोपाऱ्याला स्तूप होता त्या काळात आपल्याही पूर्णाकाठी माणसे वस्ती करून होती, शेत भिजवत होती आणि स्तूप बांधत होती. आणि ही जागा जिगाव प्रकल्पाच्या बुडित क्षेत्रात येते. स्तूप वाचवावा, अशी मागणी अभ्यासकांनी आणि धम्मबांधवांनी केलेली आहे.

धरणाविरुद्ध बोलणे आपल्या भागात सोपे नाही. नळगंगेच्या पाण्यावर ज्यांची शेती उभी आहे तेच आपण, आणि खारपाणपट्ट्यातल्या माणसाला गोड पाणी म्हणजे काय ते आपल्याला सांगायला नको. गाडीत याही बाजूने बोलणे झाले. एक जण म्हणाला, पाणी पाहिजे आणि स्तूपही पाहिजे, मग विटा उचलून वर नेता येत नाहीत काय? दुसरा म्हणाला, मीरपूरखासचे तेच तर झाले, बुद्ध काचेत आणि जागा गेली. आजी बराच वेळ ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "आधी मले ते भोन दाखवा. मुंबईले नेलं, दगडं दाखोले, अन् घरचं दाखोलं नाही."

पहाटे मलकापूरला उतरलो. एसटी स्टँडवर चहा घेताना पुढच्या रविवारची जीप ठरली, माणशी वर्गणी काढली, आणि ब्राह्मीचे पुस्तक त्या पोराकडून विहाराच्या कपाटासाठी मागून घेतले. ते कपाटात आहे. ज्यांना वाचायचे असेल त्यांनी विहारात नाव लिहून न्यावे.